छोट्या लाइनीचा डबा

नखाएवढी खिडकी पात्याच्या टोकाला चिकटून वर आली होती आणि यंत्र तिला तशीच घेऊन पुढच्या खिडकीकडे निघालं होतं... जीवननं घाईनं बटण दाबलं. खिडकी नव्हेच ती, खिडकीच्या जागेतला तुकडा — तो निघून गेल्यावर जे उरतं ती खिडकी — चिमट्यानं त्यानं तो सोडवला, उजेडाकडे धरला. पांढरं प्लॅस्टिक, पोस्टकार्डाहून थोडं जाड, चारही कोपरे शाबूत. तुकडा अगदी बरोबर होता. चुकलं होतं ते बाकीचं.

यंत्र रुचिताचं, म्हणजे लेकीचं. कॉलेजात असताना ती गाड्यांवर चिकटवायची नावं, केकवर खोचायचे आकडे, पत्रिकांच्या नक्ष्या कापून विकायची, त्यासाठी घेतलेलं. दिसायला प्रिंटरसारखं, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारं, फक्त शाईच्या जागी पातं. ती पुण्याला नोकरीला गेली आणि यंत्र बापाच्या हाती लागलं. आधी त्यानं मालगाडीचे डबे केले, ड्यूटीवर रोज इंजिनामागं ओढतो तसलेच, बोटभर उंचीचे, आणि ते खिडकीत ओळीनं लावले. लोक पन्नाशीला आले की विहारात जाऊन बसतात, आमचे हे पुठ्ठे कापत बसतात, असं प्रतिक्षा शाळेतल्या बायकांना सांगायची आणि त्याला ते आवडायचं. सुट्टीच्या दिवशी गोंदियाहून साकोलीला घरी यायचं, जेवायचं, आणि हा आवाज ऐकत बसायचं — सर्र, खट्, सर्र...

दिवाळीपासून मात्र मालगाडी बंद. तेव्हापासून हा एकच डबा, छोट्या लाइनीचा, म्हणजे पूर्वीच्या अरुंद रुळांच्या गाडीचा. काहून, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बाबूलाल, त्याचा बाप, छोट्या लाइनीच्या डब्यांच्या दुरुस्तीला खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा कामगार, होता, त्यामुळे डब्याची लांबी, खिडकीची उंची, पायरी कुठं हे सगळं डोळ्यांत होतं, हे एक कारण. दुसरं असं की ती गाडी हळू चालायची. चालत्या गाडीतून उतरून माणसं मोहफुलं वेचायची आणि पुन्हा चढायची, असं बाप सांगायचा आणि वर स्वतःच हसायचा. थांबणं त्या गाडीला जमत होतं.

आणि आज डबा बिघडला. या प्लॅस्टिकला पातं एका दमात आरपार जात नाही. तीच रेघ ते पुन्हा पुन्हा ओढतं, तेव्हा कुठं तुकडा सुटा होतो. म्हणून क्रम असतो — आधी खिडक्या, मग दारं, सगळ्यात शेवटी बाहेरची रेघ; कारण बाहेरची रेघ आधी ओढली की प्लॅस्टिकचा पत्रा मोकळा होतो, चिकट मॅटवरून केसभर सरकतो आणि त्यानंतर कापलेलं सगळं तिरपं येतं. नवशिक्यालाही हे कळतं. आज त्यानं कॉम्प्युटरवर बाहेरची रेघ आधी लावली होती. खिडक्या एका बाजूला कलल्या होत्या, सगळ्याच सारख्या.

ती येणार होती म्हणून झालं हे.

तीन दिवसांपूर्वी अमरचा फोन आला होता. अमर म्हणजे इंजिनात त्याच्या शेजारी बसणारा असिस्टंट, तिशीचा, बोलका. फाटकावरच्या माणसाकडून कुणीतरी माझा नंबर काढला, साहेब. बाई आहे, दिघोरीची, त्या म्हातारीची सून आहे म्हणते, पत्ता मागून राहिली होती, मी दिला, तुमची सुट्टी कधी तेही सांगितलं, रागावू नका. जीवन रागावला नाही. फोन ठेवल्यावर त्यानं बराच वेळ हात धुतले. प्रतिक्षाला त्यानं सांगितलं होतं, आणि आज सकाळी शाळेला निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "जे तवा सांगतलं तेच सांगा. उभी होती, बस. जास्त बोलाचं नाही. एकदा बोलले का मंग लोक सोडत नाहीत."

जे तेव्हा सांगितलं ते. धान कापणीचे दिवस, कोळशाची भरलेली गाडी, वळण संपून तळ्याची पाळ लागते तिथं रुळांच्या मधोमध बाई... लांबून आधी गाठोडं वाटलं, मग बाई. त्यानं हॉर्न दिला आणि तो सोडला नाही, दुसऱ्या हातानं ब्रेक पूर्ण ओढला, आणि मग जे असतं ते — भरलेली गाडी, ब्रेक लागलेले, तरी ती जातच असते, किलोमीटरभर जातच असते. लोकांना हे सांगून सांगून सगळ्या ड्रायव्हरांचं तोंड दुखतं. जुने ड्रायव्हर म्हणतात, त्या वेळी खाली पाहायचं, मीटरकडं पाहायचं. अमरनं पाहिलं खाली. मी नाही पाहिलं. मला वाटलं हटेल. शेवटपर्यंत वाटत होतं, आता हटेल...

ती हटली नाही. तिनं हात वर केला. डाव्या हातात पिशवी, उजवा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा. आणि तोंड इकडं, सरळ इंजिनाकडं.

गाडी थांबल्यावर त्यानं वॉकीटॉकीवर मागच्या गार्डला सांगितलं, बाई लाइनमध्ये उभी होती, हॉर्न देऊन देऊन हटली नाही. हे वाक्य त्याचं नव्हतंच. सगळे असंच बोलतात, तोंडात तयारच असतं ते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जवळच्या रेल्वे फाटकावरच्या माणसानं ते आपल्या वॉकीटॉकीवर ऐकलं. अमर आणि गार्ड चालत मागं गेले. ड्रायव्हरनं इंजिन सोडायचं नसतं, त्यामुळे पुढचं त्यानं काही पाहिलं नाही, त्याच्याकडे राहिला तो फक्त हात. तो त्यानं कुणाला सांगितला नाही. चौकशीच्या साहेबांना नाही, प्रतिक्षाला नाही, अमरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी अमरनं इंजिनाच्या चाकापुढं नारळ फोडला. तुमी बी फोडा, साहेब, मोकळे व्हा. पण छप्पन साली आज्यानं दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात नारळ फुटला नव्हता, आणि आता एका म्हातारीसाठी फोडायचा म्हणजे आज्याशीच बेइमानी. घरी आला तर गिरजाबाईनं, त्याच्या आईनं, बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून त्या अनोळखी बाईसाठी वंदना म्हटली, त्यालाही शेजारी बसवलं. त्यानं डोळे मिटले आणि मिटल्याबरोबर हात वर आला. अमर मोकळा झाला, आई मोकळी झाली. मी डबा कापायला बसलो.

त्या हाताचा अर्थ त्यानं आपल्यापुरता लावून टाकला होता. मरायला आली आणि शेवटच्या घडीला नको म्हणाली... थांब म्हणाली. हा अर्थ वाईट होता, पण त्याच्यासोबत राहता येत होतं, कारण समोर आपला हॉर्न होता. आपल्या हातात जे होतं ते आपण केलं. इशारा दिला, लांबून दिला, सोडला नाही. जेवताना घास अडला की तो त्या हॉर्नकडे जायचा आणि घास खाली उतरायचा.

दारावर टकटक झाली तेव्हा तिरप्या खिडक्यांचा पत्रा त्याच्या हातातच होता.

बाई तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं तोंड लाल झालेलं, चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवलेली. "मी खुशबू. दिघोरीची. बायजाबाईची सून," ती म्हणाली. म्हणजे त्या म्हातारीचं नाव बायजाबाई. इतके दिवस ते त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं पाणी दिलं, आई आतल्या खोलीत झोपली आहे म्हणून आवाज लहान ठेवला, चहाचं विचारलं. ती नको म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

तिनं सांगितलं ते सरळ होतं, कुठंही न अडखळता. बसमध्ये मनाशी म्हणत आली असावी. सासूचं वर्षभरापासून चित्त ठिकाणावर नव्हतं. घरातली माणसं ओळखायची नाही, सुनेला विचारायची, तू कोनाची, बाई. रोज सकाळी माहेरी जातो म्हणून लुगडी पिशवीत भरायची. खुशबू रोज समजूत काढायची, उद्या जाऊ म्हणायची. त्या दिवशी धान कापायला मजूर येऊन बसलेले, चूल पेटलेली, पोरगी रडत होती, आणि म्हातारी पदर धरून मागं मागं. तेव्हा तोंडातून गेलं, जा मंग. शेजारणीनं ऐकलं. दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही की ती खरंच गेली.

"आता गावात म्हनतात का सुनेनं धाडलं मराले. घरचे बी तेच म्हनतात." घरचे म्हणजे नवरा, राजकुमार. तो तिच्या हातचं पाणी घेत नव्हता. या महिन्यात तिला माहेरी पोचवून देणार होता. पोरगी मात्र ठेवून घेणार होता. "ड्रायव्हरच म्हने ना, हॉर्न वाजवून वाजवून हटली नाही. एवढा हॉर्न दोन गावाले आयकू गेला, मंग तिले आयकू नाही आला का? उभी होती म्हंजे मराले उभी होती. असं म्हनतात. म्हनून मी आली. तुमी पाह्यलं. तुमीच सांगा."

त्यानं तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं. उभी होती, बस. ते जिभेवर आलं आणि त्याला कळलं की गेले पाच महिने या बाईच्या घरात जे चाललं आहे ते याच वाक्यानं चाललं आहे. आपल्या तोंडून निघालं, फाटकावरून गेलं, दिघोरीला पोचलं आणि तिथं चुलीजवळ जाऊन बसलं. आणि तरी त्याला राग आला तिचा. कशाला आलीस. तुझ्या घरचं मी काय करू. मी गाडी चालवतो, बाई, एवढंच करतो मी.

खुशबूचं लक्ष टेबलाकडे गेलं होतं. मागच्या आठवड्यात जमलेली डब्याची बाजू तिथं उभी होती, छप्पर घातलेली, तळाला पायऱ्या लावलेली, लाल रंगाचा एक हात दिलेली. ती उठली, जवळ गेली, पण हात लावला नाही.

"हे छोटी लाइन होय ना?"

त्यानं मान हलवली.

"मी पाह्यली नाही कधी. पन आमची म्हातारी रोज सांगे. सारं इसरली, माह्यं नाव इसरली, हे नाही इसरली." आता ती बसमध्ये ठरवलेलं बोलत नव्हती, आवाज खाली आला होता, जवळजवळ घरातला झाला होता. "नवी नवरी होती तवा माहेरी जाची ना, तं टेसनापर्यंत जातच नोहती म्हने. तळ्याच्या पाळीजवळ उभं राहाचं. गाडी आली का हात दाखवाचा. ड्रायव्हर शिट्टी दे. शिट्टी देल्ली का समजाचं, त्यानं आपल्याले पाह्यलं, आता थांबते. मंग जाग्यावरून हालाचं नाही. हाललं का त्याले वाटते बाईले बसाचं नाही, अन् निंगून जाते."

ती हसली किंचित, म्हातारीची आठवण येऊन. मग तिला आपण कशासाठी आलो ते आठवलं आणि ती पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसली.

जीवन पत्र्याकडे पाहत राहिला. त्याला आधी काही वाटलंच नाही. एखादा आकडा दोनदा वाचावा तसं ते बोलणं त्यानं मनात पुन्हा चालवलं... हात दाखवायचा. शिट्टी मिळाली की गाडी थांबते. हालायचं नाही. तळ्याची पाळ तीच. छोट्या लाइनीचे रूळ उखडून मोठी लाइन त्याच मातीवर टाकली होती, बापानंच दाखवलं होतं त्याला, इथून इथपर्यंत जुनीच वाट आहे म्हणून. आणि ती तिथं पिशवी घेऊन सकाळपासून चालत आलेली. लांबून गाडी दिसली, तिनं वाट पाहिली, आणि मी हॉर्न दिला. आधी हॉर्न, मग तिचा हात... की हात आधीच होता, लहान दिसत होता, मला दिसला उशिरा? हॉर्न सोडला नाही मी. जितका वेळ वाजत राहिला तितका वेळ ती... तिला तो काय सांगत होता तितका वेळ...

अजूनही सांगता आलं असतं. उभी होती, बस. ही बाई उठून गेली असती, चप्पल घातली असती, दिघोरीची बस धरली असती, आणि प्रतिक्षा संध्याकाळी म्हणाली असती, बरं केलं. हॉर्न आपल्याजवळ राहिला असता. त्याला तो हवा होता. लाज वाटावी इतका हवा होता. समोर एक बाई आपल्या पोरीसाठी बसली आहे आणि आपण आपला हॉर्न छातीशी धरून बसलो आहोत, हे त्याला दिसत होतं आणि तरी सुटत नव्हतं.

"तिनं हात केल्ला होता," तो म्हणाला.

खुशबूनं मान वर केली.

"मी कोनाले सांगतलं नाही. मले वाटलं..." त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, खांद्याच्या वर, पंजा उघडा, आणि स्वतःच्या घरात, टेबलाशी, तो तसा हात करून बसला.

"असाच," ती म्हणाली. "असाच करे ते." आणि मग तिच्या तोंडावर जे आलं ते त्यानं फार दिवसांत कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं, ते सुखच होतं, पाणी गळणाऱ्या डोळ्यांसकट सुख. "मराले नाही गेल्ती. माहेरी जाऊन राहिली होती. अन् तुमी हॉर्न देल्ला... मंग ते कशी हालन? हालनारच नाही ते."

तिनं ते स्वतःला सांगितलं, त्याला नाही. सांगून झाल्यावर मात्र तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि आपण याला काय सांगून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. पदरानं तोंड पुसत ती घाईनं म्हणाली की भाऊ, तुमचा काही दोष नाही, तुमाले काय माहीत. खऱ्या मनानं म्हणाली. त्यानं मान हलवली. याच शब्दांत साहेब म्हणाले होते, अमर म्हणाला होता, आणि तेव्हा ते शब्द उपयोगी पडले होते.

मग तिनं ते मागितलं, जे ती मागणार हे त्याला हात वर केला तेव्हाच कळलं होतं. दिघोरीला या. आमच्या घरच्याईसमोर सांगा, चार लोकं असतील, त्याईच्यासमोर सांगा. माह्यं कोनी नाही मानत, तुमचं मानतील. हात केल्ला होता हे सांगा, अन् हॉर्नचं बी सांगा — हॉर्नवरच तं सारं अडलं आहे. नुसता हात सांगून काही होणार नाही, हे तिच्याइतकंच त्यालाही समजत होतं. हात पाहून लोक म्हणतील, भिऊन केला. हॉर्नचं सांगायचं, म्हणजे ड्रायव्हरनं आपल्या तोंडानं सांगायचं, की तिला उभं ठेवलं ते माझ्या हॉर्ननं.

"पाहतो," तो म्हणाला. या भागात पाहतो म्हटलं की काय समजायचं ते सगळ्यांना माहीत असतं. तिलाही माहीत होतं. ती आग्रह करत बसली नाही. तिनं डब्याकडे एकदा पाहिलं, गावाचं आणि नवऱ्याचं नाव पुन्हा सांगितलं, आणि गेली. तिची पावलं अंगणाच्या फाटकापर्यंत ऐकू आली, मग नाही.

त्यानं यंत्राचं बटण बंद केलं. मॅटवर खिडक्यांचे तुकडे तसेच चिकटून होते, त्याला ते काढावेसे वाटेनात. आई उठली, तिनं चहा मागितला, त्यानं करून दिला. आईनं विचारलं कोण आलं होतं. त्यानं सांगितलं, बायजाबाईची सून. कोन बायजाबाई, आईनं विचारलं, आणि उत्तर ऐकून कप खाली ठेवला. मेणबत्ती लावली तेव्हा तिलाही नाव ठाऊक नव्हतं.

प्रतिक्षा आली ती ऊन उतरल्यावर. पर्स खुंटीला लावायच्या आधीच तिनं विचारलं, "बोलले नाही ना काही?"

"हात केल्ला होता तिनं," तो म्हणाला. "गाडीले."

ती पर्स न लावताच येऊन शेजारी बसली. सांगायला बसलं तर सगळं सांगावं लागेल, आणि एकदा हिला सांगितलं की दिघोरी दूर राहत नाही. राजकुमारचं घर त्याला दिसत होतं, न पाहिलेलं, अंगण, चार माणसं, कुठंतरी ती पोरगी. आपल्याला खुर्ची देतील. पाणी देतील. मग सगळे गप्प होतील... आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्यूटी, तेच वळण, वळणाआधी हॉर्नची पाटी, आणि पाटी आली की हॉर्न द्यावाच लागतो, नियम आहे, आणि चांगला नियम आहे.

सौंदडकडे, मोठ्या लाइनीवर, गाडीनं हॉर्न दिला. संध्याकाळी वारा इकडचा असला की ऐकू येतो. एरवी तो आवाजावरून इंजिन ओळखायचा, भरलेली की रिकामी तेही सांगायचा, प्रतिक्षाला त्याचा कंटाळा यायचा. आज त्याला इंजिन ओळखू आलं नाही. आयुष्यभर हा आवाज त्यानं वर बसून ऐकला होता, आपल्या हाताखालून निघून पुढं जाणारा. आज तो समोरून येत होता, लांबून, आपल्याकडे, आणि पाय खडीत, हातात पिशवी, सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि तरी किती बरं वाटलं तो ऐकून — पाहिलं त्यानं आपल्याला. आता थांबेल.